दुसऱ्याचं नाव कागदावर

खोली भाड्याने द्यायची तयारी असते, भाडं घ्यायची तर असतेच. पण भाडेकरूचं नाव सरकारी कागदावर चढवायचं म्हटलं की आमच्याकडचा मालक मागे सरतो. राहात्यात दस्त लिहायचं काम करताना हे मी इतक्यांदा पाहिलंय की समोरचा काय म्हणणार, ते तो खुर्चीत टेकायच्या आधीच कळतं. "साधंच करा, अकरा महिन्यांचं. बाँडवर. नोंदणी-बिंदणी नको." का नको, असं विचारलं की आवाज खाली येतो. "उद्या त्याचं नाव लागायचं."

ही भीती वेडेपणाची नाही. ती या मातीतली आहे आणि तिला तारीख आहे. 1948चा कूळकायदा आला आणि 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो जमीन कसत होता, तो कायद्याच्या अटींत बसला तर त्या जमिनीचा मालक मानला गेला. कुणाच्या घरी जमीन आली, कुणाच्या घरातून गेली. न्याय झाला असंच मी म्हणेन. पण ज्यांची गेली त्यांनी, आणि ज्यांना मिळाली त्यांनीही, पोराबाळांना एकच धडा दिला: आपल्या उताऱ्यावर दुसऱ्याचं नाव येऊ द्यायचं नाही.

त्यावर आमच्या भागात आणखी एक थर चढला, तो खंडकऱ्यांचा. इथल्या कालव्यांखालच्या जमिनी पूर्वी शेतकऱ्यांनी खासगी साखर कंपन्यांना खंडाने दिल्या होत्या. 1961चा कमाल जमीनधारणा कायदा आला, कंपन्यांच्या ताब्यातल्या जमिनी सरकारकडे गेल्या आणि 1963 मध्ये शेती महामंडळ उभं राहिलं. मूळ मालक खंडकरीच राहिला. मोर्चे, निवेदनं, कोर्टकचेऱ्या यांत पिढ्या गेल्या. 2012 पासून जमिनी परत मिळू लागल्या, त्याही वर्ग 2च्या शेऱ्यासह, म्हणजे परवानगीशिवाय विकता येणार नाहीत अशा. आजोबाने ठरावीक मुदतीने दिलेली जमीन नातवाला परत मिळाली, असं ज्या घरात घडलं, त्या घरातला माणूस दोन खोल्या भाड्याने देताना दहादा विचार करणारच.

माझं म्हणणं एवढंच की ती भीती खरी असली तरी तिच्यावरचा उपाय आता उलटा झालाय. जमिनीच्या बाबतीत कागदाने मालकाचं नुकसान केलं असेल. घराच्या आणि गाळ्याच्या बाबतीत कागद नसल्यानेच होतं.

राहात्याचा भाडेकरू कोण, हे आधी सांगायला हवं. पुण्या-मुंबईसारखी इथं नुसती नोकरदारांची गर्दी नाही. बँकेत बदलून आलेला कारकून असतो, शाळेतला शिक्षक असतो, पेरूच्या हंगामात येणारा बाहेरगावचा व्यापारी असतो. शिर्डीच्या लॉजवर आणि हॉटेलात काम करणारी बिहार-उत्तर प्रदेशची पोरं पाच-सहाजण मिळून एक खोली घेतात. लोणीच्या बाजूला वैद्यकीय शिक्षण घेणारी मुलं. नगर-मनमाड रस्त्याच्या कडेचे गाळे, त्यांत गॅरेज, मेडिकल, मोबाइलची दुकानं. मालकही मोठे भांडवलदार नसतात. निवृत्तीच्या पैशात वरचा मजला चढवलेले गुरुजी, नवऱ्यामागे एका गाळ्याच्या भाड्यावर घर चालवणारी बाई, ऊस परवडत नाही म्हणून रस्त्याकडेच्या तुकड्यावर चार शटर टाकलेला शेतकरी. यांच्या हिशेबात दोन महिन्यांचं भाडं बुडालं तर पोराची फी थांबते.

अकरा महिन्यांचं गौडबंगाल मी प्रत्येकाला समजावून सांगतो. नोंदणी कायद्याने एका वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची केली, म्हणून लोकांनी मुदत अकरा महिन्यांवर आणून ठेवली आणि पळवाट सापडली असं समजले. पण महाराष्ट्राचा भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला आणि त्याच्या कलम 55 ने ती वाट बुजवली. करार भाडेपट्ट्याचा असो की लिव्ह अँड लायसन्सचा, मुदत कितीही असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षेला कुणी फारसं घाबरत नाही. घाबरावं असं वाक्य त्याच कलमात पुढे आहे: नोंदवलेला करार नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जाईल, उलट सिद्ध होईपर्यंत.

हे वाक्य मी सावकाश वाचून दाखवतो. "म्हणजे तो म्हणेल डिपॉझिट 2 लाख दिलं, तर?" एका गुरुजींनी विचारलं. म्हटलं, "तर नाही दिलं हे तुम्ही दाखवायचं, गुरुजी." ते बराच वेळ बाँडकडे बघत राहिले. मग म्हणाले, "असं असेल तर नोंदवलेलं बरं."

एक बारकावा इथं वकीलसाहेब सांगतात आणि तो खरा आहे. हा कायदा राज्यातल्या प्रत्येक खेड्याला आपोआप लागू नाही; त्याच्या अनुसूचींत ज्या भागांची नावं आहेत तिथंच तो चालतो. म्हणून वाद उभा राहिला की पहिला प्रश्न असतो, जागा अनुसूचीतल्या हद्दीत येते का. येत नसेल तर 1882चा मालमत्ता हस्तांतरण कायदा: महिन्याच्या भाडेकरूला 15 दिवसांची नोटीस आणि मग दिवाणी दावा. पण गंमत बघा, कोणत्याही वाटेने गेलात तरी न्यायाधीश पहिल्यांदा कागदच मागतात.

नोंदवलेल्या लिव्ह अँड लायसन्सचा मालकाला मोठा फायदा कलम 24 मध्ये आहे. राहण्यासाठी दिलेली जागा मुदत संपूनही सोडली नाही, तर मालकाला लांबलचक दाव्यात न पडता सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. लेखी करारात जे लिहिलंय तो तिथं निर्णायक पुरावा. मुदतीनंतर जितके दिवस जागा अडवली, तितक्या दिवसांची भरपाई ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने. हे फक्त राहत्या जागेसाठी आहे; दुकानाच्या गाळ्याला ही जवळची वाट नाही. म्हणून गाळ्याचा करार लिहिताना मी जास्त कलमं घालतो आणि मालक जास्त कुरकुरतो.

खर्चाची ओरड होते, तीही हिशेब मांडला की विरते. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क पाव टक्का. सगळ्या मुदतीचं भाडं आणि परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर. महिना 8,000 भाडं, 50,000 डिपॉझिट आणि तीन वर्षं मुदत धरली तर बेरीज 3 लाख 3 हजार होते आणि शुल्क साडेसातशेच्या आसपास. शिवाय नोंदणी फी, शहरी भागात 1,000, ग्रामीण भागात 500. आता ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ करारांचा 100चा बाँडसुद्धा 500चा झालाय. म्हणजे दर अकरा महिन्यांनी कोर्टात न टिकणारा बाँड करण्यापेक्षा तीन वर्षांचा टिकणारा दस्त स्वस्त पडतो. आणि त्यासाठी कचेरीत दिवस घालवायला लागत नाही. आधार, वेबकॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र असलं की घरबसल्या ऑनलाइन नोंदणी होते. अडचण एकच, आयुष्यभर दारं धरलेल्या माणसाचा अंगठा यंत्राला वाचता येत नाही. हात धुवा, पुसा, दुसरं बोट लावा, असं करत अर्धा तास जातो. एक आजोबा वैतागून म्हणाले, "सही येत नव्हती तेव्हा अंगठा चालायचा, आता सही येती तर अंगठा चालंना."

सगळे कागद चोख असूनही एखादी गोष्ट निसटते, हे कोविडने दाखवलं. शिर्डीच्या गाळ्याचं भाडं बांधकामावर ठरत नाही, गर्दीवर ठरतं. गुरुवार, रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसरा यांवर दुकानदाराचं वर्ष चालतं. 17 मार्च 2020 ला साईमंदिर दर्शनाला बंद झालं, ते 16 नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला उघडलं. पुन्हा 5 एप्रिल 2021 ला बंद, आणि 7 ऑक्टोबरला, घटस्थापनेला उघडलं. मधल्या काळात हार, प्रसाद, मूर्ती, फोटो घेणारं कुणीच नव्हतं. दुकानदार म्हणायचा, धंदाच नाही तर भाडं कुठून? मालकीण म्हणायची, माझं तरी दुसरं काय आहे?

तेव्हा दोन्ही बाजूंनी कायदा धुंडाळला गेला. कराराच्या कायद्यातलं कलम 56, करार पाळणं अशक्य झालं तर तो संपतो असं सांगणारं, भाडेपट्ट्याला लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्येच सांगून ठेवलंय. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 108 भाडेकरूला सुटका देतं, पण जागा नष्ट झाली किंवा कायमची निरुपयोगी झाली तरच. टाळेबंदीने गाळा नष्ट होत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मे 2020 मध्ये खान मार्केटच्या एका दुकानाच्या प्रकरणात टाळेबंदीचं भाडं थांबवायला नकारच दिला. आपल्या गृहनिर्माण विभागाने 17 एप्रिल 2020 ला घरभाड्याची वसुली निदान तीन महिने पुढे ढकला असं सांगितलं, पण पुढे ढकलणं म्हणजे माफ करणं नव्हे.

म्हणजे कागदोपत्री मालकीण बरोबर होती. तरी माझ्यासमोर बसून त्या दोघांनी जी तडजोड केली ती कायद्यापेक्षा शहाणी होती. बंद काळातलं भाडं निम्मं, ते डिपॉझिटमधून वळतं करायचं, मंदिर उघडल्यावर वर्षभरात डिपॉझिट पुन्हा भरून द्यायचं, आणि तोवर गाळा सोडायचा नाही की सोडायला लावायचा नाही. ते सगळं मी लिहून काढलं, दोघांच्या सह्या झाल्या. दुकानदाराला बाहेर काढून मालकिणीला दुसरा भाडेकरू त्या काळात मिळणार नव्हता आणि दुकानदाराला अशी जागा पुन्हा मिळणार नव्हती, हे दोघांनाही समजत होतं. तेव्हापासून शिर्डीच्या बाजूचा गाळा असेल तर मी एक कलम हमखास घालतो: सरकारी आदेशाने देवस्थान सलग अमुक दिवसांपेक्षा जास्त बंद राहिलं तर भाडं किती. आकडा त्यांनी ठरवायचा, जागा मी रिकामी ठेवतो. ती जागा भरायला लावली की घासाघीस होते, पण ती आधीच झालेली बरी.

मालकाच्या रागाचंही एक प्रकरण असतं. भाडं थकलं की तो म्हणतो, "लाइट तोडतो, पाण्याचा कॉक बंद करतो, कुलूप ठोकतो." मी हात जोडतो. "दादा, ते तेवढं करू नका." भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 मध्ये वीज-पाणी तोडायला मनाई आहे. आणि विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम 6 सांगतं की, कायद्याच्या वाटेने न जाता ज्याला बाहेर काढलं त्याने सहा महिन्यांत दावा लावला तर ताबा त्याला परत मिळतो; मालकी कुणाची हा प्रश्नच तिथं निघत नाही. थकबाकीदार भाडेकरूवरचं अर्धं जिंकलेलं प्रकरण एका कुलपापायी उलटतं. महावितरणचं मीटर मालकाच्या नावावर असतं, बिल थकलं तर बाकी मालकाच्या डोक्यावर बसते, ही तक्रार रास्त आहे. तिचा उपाय करारात: वेगळं सबमीटर, सुरुवातीचं रीडिंग लिहिलेलं, दर महिन्याच्या बिलाची पावती भाड्याबरोबर. पंखे किती, नळ किती, रंग कधी दिलेला, हे मागच्या पानावर. डिपॉझिटवरून होणारी बहुतेक भांडणं या मागच्या पानाअभावी होतात, आणि त्यांत दर वेळी भाडेकरूच चुकीचा असतो असं नाही. भिंतीला खिळे ठोकले म्हणून डिपॉझिट गिळणारे मालकही मी पाहिलेत.

आता दुसरा वर्ग, गुंतवणूकदारांचा. 1 ऑक्टोबर 2017 ला शिर्डीजवळ काकडी गावातलं विमानतळ सुरू झालं, डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्ग नागपूरहून शिर्डीपर्यंत खुला झाला, आणि आसपासच्या शिवारात पाट्या उभ्या राहिल्या. मुंबई-हैदराबादचे भक्त दर्शनाला येतात आणि जाता जाता प्लॉट बघून जातात. शिर्डीत भाविकाला गाठून पूजेच्या ताटाचे दामदुप्पट घेणाऱ्याला पॉलिशवाला म्हणतात. जमिनीच्या धंद्यातही तसे आहेत, फक्त ताट मोठं असतं.

इथं भीतीचं गणित उलटं चालतं. भाडं देताना कागदाला भिणारा माणूस प्लॉट घेताना कोणत्याही कागदावर विश्वास ठेवतो. "नोटरी आहे, कब्जा पावती आहे, कुलमुखत्यारपत्र आहे." या तिन्हींनी मालकी मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2011 मध्ये सूरज लँप प्रकरणात स्पष्ट सांगितलं की, स्थावराची मालकी नोंदवलेल्या खरेदीखतानेच जाते, साठेखत आणि मुखत्यारपत्राच्या जोडणीने नाही. फेरफाराची नोंदही महसुलासाठी. तिच्याने हक्क जन्माला येत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना 8 तर निव्वळ कराचा उतारा.

शेतजमिनीचा तुकडा असेल तर आणखी दोन दारं लागतात. कूळकायद्याचं कलम 63: शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. आणि 1947चा तुकडेबंदी कायदा. आता आमच्याकडे प्रमाणभूत क्षेत्र जिरायत 20 गुंठे आणि बागायत 10 गुंठे आहे. त्याखालचा तुकडा सुटा विकता येत नाही. तरी गुंठा-दोन गुंठ्यांचे व्यवहार वर्षानुवर्षं चालत आले. जुलै 2021 मध्ये नोंदणी विभागाने परिपत्रक काढून असे दस्त थांबवले, 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केलं, आणि 2025 मध्ये सरकारने 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळातले, ठरावीक क्षेत्रांतले तुकडे नियमित करायचं ठरवलं. ज्याने आधी घेतला त्याला दिलासा मिळाला. पण "पुढेही असंच माफ होईल" म्हणून आज घेणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो. ले-आउट मंजूर आहे का, बिनशेती आदेश आहे का, क्षेत्र 500 चौरस मीटरच्या वर असेल तर महारेराचा नंबर आहे का, एवढं विचारा. आणि 15 रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा निघतो, तो स्वतः काढा. एजंटाने दाखवलेली झेरॉक्स बघू नका. त्यात इतर हक्काचा रकाना वाचा. बहिणींची नावं, सोसायटीचा बोजा, वर्ग 2चा शेरा, विहिरीतला हिस्सा, गाडीवाट, सगळं तिथं असतं आणि तेच कुणी वाचत नाही.

शेत वाट्याने देण्यात मात्र जुनी भीती अजून तशीच आहे. बाहेर नोकरी करणारा मालक शेत निम्म्या वाट्याने देतो, तोंडी. ई-पीक पाहणीत पीक स्वतःच्या नावे लावतो. मग गारपीट झाली की नुकसानीचे पैसे मालकाच्या खात्यात, कर्ज आणि घाम वाटेकऱ्याचा. दोघं चांगले असतील तर वाटून घेतात. नसतील तर वाटेकऱ्याकडे दाखवायला चिठ्ठीसुद्धा नसते. इथं कागद मालकाला नको असतो, हे मला समजतं, आणि ते पुरेसं कारण नाही, हेही.

लोक मला शेवटी एकच विचारतात, "भाडेकरू चांगला आहे, ओळखीतला आहे, मग एवढं कशाला?" माणूस चांगला आहे यावर माझा कधी वाद नसतो. पण करार करणारी दोन माणसं करार संपेपर्यंत तीच राहत नाहीत. म्हातारे जातात, वाटण्या होतात, एका भावाच्या वाट्याला गाळा येतो आणि दुसऱ्याच्या वाट्याला त्याचं डिपॉझिट परत करायची जबाबदारी. परवाना हा माणसापुरता असतो, भाडेपट्टा मात्र वारसांकडे जातो, हा फरक कोर्टात पोचल्यावर कळून उपयोग नसतो. तोंडी बोलणं बोलणाऱ्याबरोबर जातं आणि मागे राहतात ती दोन घरांतली पोरं, ज्यांनी एकमेकांना कसला शब्द दिलेला नसतो.

म्हणून वारसांचं कलम मी सगळ्यात शेवटी घालतो आणि ते मोठ्याने वाचतो. मालक चिडतो. "आत्ताच माझ्या मरणाचं काय काढलं?" मी म्हणतो, "मरणाचं नाही हो, नाना. तुमच्या पोराने दर महिन्याला भाडं कुणाकडे मागायचं आणि पावती कुणाला द्यायची, तेवढंच लिहितोय." मग ते पोराकडे बघतात, पोरगं मोबाइलमध्ये असतं, आणि नाना म्हणतात, "लिहा. नीट लिहा."